स्कॉटलंडची 'मॅन्स': घर पाद्र्याचं, खर्च जमीनदाराचा

लीथकाठचा:

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज बाहेर धो धो पाऊस आहे त्यामुळे मुहूर्त लागला. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, एडिनबरामध्ये आयटीत हमाली करतो, पण वीकेंडला गाडी काढून खेडेगावातून भटकायचं व्यसन आहे आणि त्यातून हे एक खूळ डोक्यात शिरलंय.

स्कॉटलंडात मेन रोड सोडून आत गेलं की थोड्या थोड्या अंतरावर एक जुनं चर्च लागतं आणि चर्चपासून हाकेच्या अंतरावर एक घर. दुमजली, मधोमध दार, दाराच्या दोन बाजूंना एकेक खिडकी, वर ओळीने तीन खिडक्या, दोन्ही टोकांच्या भिंतींवर धुराडी, वर काळपट निळ्या स्लेटचं छप्पर. तिसरीतल्या पोराला घर काढ म्हटलं तर तो जे काढेल ते. गेटवर पाटी 'ओल्ड मॅन्स'. हे तिथल्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा टापू) पाद्र्याचं राहायचं घर, म्हणजे एके काळी होतं, आता बहुतेक ठिकाणी निवृत्त डॉक्टर नाहीतर लंडनहून आलेलं कुणीतरी राहतं.

सगळी इतकी सारखी का दिसतात याचा शोध घेताना मला कळलेली गोष्ट अशी की या घरांचं जवळपास सगळं आर्किटेक्चर एका प्रश्नातून आलंय: पैसे कोण देणार?

१५६० साली स्कॉटलंडात रिफॉर्मेशन झालं, पोपची सत्ता गेली. आधीचे धर्मगुरू ब्रह्मचारी (निदान कागदोपत्री), नवे पाद्री लग्न करणारे, घरात सात-आठ पोरं, दोन मोलकरणी, एखादा गडी. म्हणजे नुसती खोली देऊन भागणार नव्हतं, संसाराचं घर हवं. मग कायदे होत गेले आणि १६६३ च्या कायद्याने पक्कं झालं की पॅरिशमधल्या जमीनदारांनी, त्यांना तिकडे हेरिटर म्हणतात, पाद्र्याला घर बांधून द्यायचं. किती खर्चाचं तेही कायद्यात: १००० पौंड स्कॉट्सच्या वर नाही आणि ५०० मर्कच्या (हेही तिथलंच जुनं चलन) खाली नाही. पौंड स्कॉट्स म्हणजे इंग्लिश पौंडाचा बारावा हिस्सा, त्यामुळे १००० हा आकडा ऐकायला मोठा, प्रत्यक्षात ८३ पौंडांच्या आसपास. पुढे महागाई वाढली तशी ही मर्यादा पाळणं कुणालाच जमलं नाही ते सोडा.

आता गंमत बघा. घर बांधणारा जमीनदार, त्यात राहणारा पाद्री, आणि घर धड आहे की नाही हे ठरवणारी तिसरीच, प्रेसबिटरी म्हणजे आसपासच्या पाद्र्यांची सभा. पाद्री म्हणणार छप्पर गळतंय, जमीनदार म्हणणार मागच्याच पाद्र्याच्या वेळी केलंय की. मग प्रेसबिटरी गवंडी आणि सुतार घेऊन पाहणीला येणार, हे लोक भिंतीत कानस खुपसून कुजलेली तुळई दाखवणार, अंदाजपत्रक होणार, जमीनदार एडिनबराच्या कोर्टात जाणार. एकदा का घर दुरुस्त करून प्रेसबिटरीने 'फ्री मॅन्स' म्हणून जाहीर केलं की मग किरकोळ डागडुजी पाद्र्याच्या गळ्यात. त्यामुळे ते शिक्कामोर्तब लवकर व्हावं म्हणून जमीनदार धडपडायचे आणि पाद्री आणखी एक खिडकी पदरात पाडून घेईपर्यंत टाळायचा.

अशा भांडणातून कसं घर निघेल? साधं, चौकोनी, गावातल्या गवंड्याला पाठ असलेलं. नक्षीकाम शून्य. दाराखिडक्यांच्या कडांना घडीव दगड, बाकी भिंत ओबडधोबड दगडाची आणि वरून चुन्याचा गिलावा. घडीव दगडाची सगळी हौस दर्शनी बाजूला, मागे गेलात तर जिन्याची एक कमानीची खिडकी सोडली तर भिंत मुकी. दर्शनी बाजू बरेचदा दक्षिणेला, मग चर्चकडे पाठ झाली तरी चालेल, कारण तिकडे हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारून येतं आणि जे काही चार तास ऊन मिळेल ते दिवाणखान्याला मिळालं पाहिजे.

आज दिसतात त्यातल्या बऱ्याचशा मॅन्स अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातल्या. तळमजल्यावर डायनिंग रूम आणि बैठक, वर झोपायच्या खोल्या, मागे काढलेल्या पाखात स्वैपाकघर, आणि एक स्टडी. स्टडी सगळ्यात महत्त्वाची, दर आठवड्याला ताजं प्रवचन तिथेच शिजायचं, आणि पोरांनी तिथे पाऊल टाकायचं नाही.

मागच्या अंगणाबद्दल आणि बागेबद्दल लिहायचं राहिलं, पण बोटं दुखली. प्रतिसादात लिहितो.

भटकभवानी:

वा! वाचनखूण साठवली. फोटो टाका की हो, फोटोशिवाय असला धागा म्हणजे काय.

लीथकाठचा:

फोटो चढत नाहीयेत, साइज जास्त म्हणतंय, मोबाइलवरून बघतो रात्री. आणि अर्ध्याअधिक घरांत आता लोक राहतात, त्यांच्या बेडरूमच्या खिडक्यांचे फोटो नेटवर टाकणं बरं नाही वाटत.

शंकासूर:

एक बेसिक शंका. जमीनदार हे सगळं का सहन करायचे? म्हणजे कायदा केला तरी कायदे करणारेही तेच असणार ना.

लीथकाठचा:

@शंकासूर, बरोबर पकडलंत. रिफॉर्मेशनच्या धामधुमीत चर्चच्या जुन्या जमिनी आणि धान्याचा दशांश वसूल करायचा हक्क बऱ्याच अंशी याच सरदार-जमीनदारांच्या घशात गेला होता. जमिनी ठेवा पण मग पाद्र्याचा पगार, चर्चची इमारत, शाळा आणि मॅन्स तुमच्या डोक्यावर, असा तो एकूण सौदा. शिवाय १७१२ नंतर गावाचा पाद्री कोण हे ठरवायचा हक्क बहुतेक ठिकाणी बड्या जमीनदाराकडे किंवा राजाकडे होता, म्हणजे माणूस आपल्याच पसंतीचा. हा हक्क लक्षात ठेवा, पुढे यावरूनच महाभारत झालं.

पगारही बराच काळ धान्याच्या हिशेबात, अमुक इतकं ओटचं पीठ, अमुक इतकं बार्ली. १८१० साली सरकारने पैसे घालून किमान १५० पौंड वर्षाला केला तेव्हा कुठे गरीब पॅरिशमधल्यांची ओढाताण थांबली.

पगाराचाच दुसरा भाग म्हणजे ग्लीब, पाद्र्याची शेतजमीन. चार एकर कसायची जमीन, शिवाय एक घोडा आणि दोन गाईंना पुरेल इतकं गवत. एक घोडा दोन गाई हे अक्षरशः कायद्यात आहे! त्यामुळे मॅन्सच्या मागे तबेला, गोठा, धान्याचं कोठार, कधी कोंबड्यांचं खुराडं, असं तीन बाजूंनी बांधलेलं अंगण असतंच. आजकाल तिथे गॅरेज आणि योगा स्टुडिओ झालेत. पण पुढून जंटलमनचं घर आणि मागून शेतकऱ्याचं, हे अजून स्पष्ट दिसतं.

खेडूत_पुणेकर:

म्हणजे आपल्याकडचं देवस्थान इनाम की. पुजाऱ्याला जमीन, कसा आणि खा, विकता मात्र येणार नाही.

लीथकाठचा:

बराचसा तसाच प्रकार, फक्त इनाम घराण्यात चालायचं, ग्लीब खुर्चीबरोबर जायची. पाद्री मेला की पुढच्या पाद्र्याची.

आकडेमोड:

खुर्चीबरोबर जायची यावरून एक भर घालतो, माझ्या धंद्यातली आहे म्हणून राहवत नाही. पाद्री गेला की नवा पाद्री येणार, म्हणजे विधवेला आणि पोरांना घर रिकामं करून द्यावं लागायचं. घर नाही, जमीन नाही, पगार बंद. या प्रश्नावर १७४० च्या दशकात अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाद्र्यांनी विधवांसाठी फंड काढला. नुसती वर्गणी गोळा करून वाटली नाही, तर सगळ्या प्रेसबिटरींकडून आकडे मागवले, दर वर्षी किती पाद्री मरतात, किती विधवा मागे राहतात, किती पोरं, आणि त्यावर गणित मांडून हप्ता किती हवा ते काढलं. कॉलिन मॅक्लॉरिनने, हो, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्याच्या सिरीजने छळलं तोच मॅक्लॉरिन, ते गणित तपासून दिलं. ॲक्च्युरियल, म्हणजे विम्याच्या गणिताच्या, पायावर उभ्या राहिलेल्या जगातल्या पहिल्या काही फंडांमध्ये याचं नाव घेतात. आमच्या परीक्षेच्या पुस्तकात हे फंड म्हणून येतं, पण त्याचं मूळ 'घर आपलं नाही' यात आहे हे मला या धाग्यावर पहिल्यांदा जाणवलं.

भटकभवानी:

मॅक्लॉरिन!! जुनी जखम उघडलीत.

आबा_स्थापत्य:

धागा उत्तम. मी निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मुलगी ग्लासगोला असते, तिच्याकडे गेलो की मी माना वर करून छपरं बघत हिंडतो आणि नातवंडांना लाज वाटते.

दोन गोष्टी लिहितो. पहिली स्लेट. पश्चिमेकडच्या ईझडेल आणि बॅलाहुलिशच्या खाणींतली स्लेट जाड, खरबरीत, आणि आकाराने एकसारखी निघत नाही. तर हे लोक काय करतात, मोठ्या पाट्या खाली वळचणीला आणि वर जाताना लहान लहान करत आढ्याशी अगदी तळहाताएवढ्या. खालून बघितलं तर छप्पर आहे त्यापेक्षा उंच वाटतं, पण हेतू शोभेचा नाही, खाणीतला माल वाया जाऊ नये हा. इंग्लंडात स्लेट पट्ट्यांवर दोन खिळ्यांनी ठोकतात, स्कॉटलंडात खाली सलग फळ्या आणि बहुतेक पाट्यांना डोक्याशी एकच खिळा. एक खिळा असल्यामुळे पाटी बाजूला फिरवता येते, तिच्याखालची फुटकी काढून नवी घालायची आणि वरची परत जागेवर फिरवायची. आख्खं छप्पर उकलायला नको. शेदीडशे वर्षं ही छपरं टिकतात त्यात दगडाइतकाच या एका खिळ्याचा हात आहे.

दुसरी गिलाव्याची. त्याला हार्लिंग म्हणतात. चुना, वाळू, बारीक खडी एकत्र पातळ कालवून थापीने भिंतीवर फेकून मारतात, थापत नाहीत. पृष्ठभाग खडबडीत राहतो, पाऊस पसरतो, वारा आला की वाळतो. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, ती पाणी पिते आणि सोडते. विसाव्या शतकात शहाण्यांनी हा चुना खरवडून सिमेंटचं हार्लिंग मारलं. सिमेंटला बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, मग आतून तुळयांची टोकं कुजतात आणि घरमालक म्हणतो जुनी घरं दमटच असतात. पुण्यात वाड्यांच्या भिंतींना सिमेंट प्लास्टर केलं तिथे हीच कथा झालेली मी स्वतः बघितली आहे.

लीथकाठचा:

आबा, साष्टांग नमस्कार. एक खिळ्याचं माहीत नव्हतं, आता मीही माना वर करणार.

ॲबर्डीनची_मावशी:

आम्ही एकदा सगळे मिळून जुन्या मॅन्समध्ये राहिलो होतो, बी अँड बी केलंय आता. दिसायला राजेशाही हो, पण थंडी! खिडक्या त्या वरखाली सरकणाऱ्या, सहा काचा वर सहा खाली, आतून लाकडी झडपा जाड जाड. मालकीणबाई म्हणाली झडपा लावून घ्या म्हणजे उबदार वाटेल, लावल्या तर फटीतून वारा शीळ घालतोय. डबल ग्लेझिंग का नाही करत विचारलं तर म्हणे घर लिस्टेड (वारसा यादीतलं) आहे, परवानगी लागते, आणि जुन्या काचा काढायला तिचाच जीव होत नाही. काचा खरंच सुंदर होत्या, हाताने केलेल्या, थोड्या लहरी लहरी, त्यातून बाहेरचं झाड बघितलं की पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं. आमच्या ह्यांनी रात्री टोपी घालून झोप काढली.

अवांतर: नाश्त्याला बागेतल्या रुबार्बचा जॅम होता, तेवढ्यासाठी परत जाईन.

मातीतली_मेघा:

रुबार्बचं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं. लीथकाठचा, बागेचं लिहिणार होतात, विसरलात का? काय काय लावायचे, भिंत किती उंच, दिशा कुठली, सगळं सांगा.

लीथकाठचा:

मेघाताई, विसरलो नाही, घाबरत होतो, कारण मला झाडांतलं तुमच्याएवढं कळत नाही. जमेल तसं लिहितो.

मॅन्सच्या बागेला भिंत हवीच, माणसापेक्षा उंच, कारण वारा. तिकडे थंडीपेक्षा वारा झाडं मारतो. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब देते, म्हणून सफरचंद, पेअर, प्लम या झाडांना भिंतीला चिकटवून, फांद्या दोन्ही बाजूंना पसरवून बांधतात. मधल्या भागात बटाटे, केल, कांदे, कडेने गूजबेरी आणि करंट्स, कोपऱ्यात रुबार्ब. वाटांच्या कडेला बॉक्सवुडची बुटकी कुंपणं. फुलं असायची पण मागच्या बाकावर. काही जुन्या भिंतींत ओळीने कोनाडे दिसतात, आपल्याकडे पणतीला ठेवतो तसे पण मोठे, त्यात गवताच्या वळलेल्या टोपल्यांतली मधमाश्यांची पोळी ठेवायची, पावसापासून आडोसा म्हणून. बाहेरून सिकॅमोर किंवा ॲशची उंच रांग वारा अडवायला. ही झाडं इतकी ठरलेली की लांबून शेतांमध्ये मोठ्या झाडांचा पुंजका दिसला की तिथे जमीनदाराचं घर नाहीतर मॅन्स असणार.

आणि हौशी लोक होते हे. नथॅनिएल पॅटर्सन नावाच्या पाद्र्याने १८३६ साली फक्त मॅन्सच्या बागेवर पुस्तक लिहिलं, झाडं कुठे लावा, भाजी कशी घ्या. हा पाद्री पुढे १८४३ साली जुनं चर्च सोडून गेलेल्यांत होता. त्यावर येतोच.

पण माझ्या मते सगळ्यात अचाट मॅन्सची बाग रुथवेलची. डमफ्रीजजवळ, सॉल्वेच्या खाडीकाठी. तिथे आठव्या शतकातला एक दगडी क्रूस होता, सुमारे १८ फूट उंच, चारी बाजूंनी कोरीव मूर्ती, वेलबुट्टी, आणि कडांवर रून लिपीत जुन्या इंग्रजीतली कविता. १६४० साली चर्चच्या असेंब्लीने (देशभरच्या चर्चची मोठी सभा) ही मूर्तिपूजा आहे म्हणून फोडायचा हुकूम काढला आणि १६४२ मध्ये तो फोडला. तुकडे चर्चमध्ये आणि आवारात पडून. १७९९ मध्ये हेन्री डंकन नावाचा पाद्री तिथे आला. याच डंकनने १८१० साली त्या बारक्या गावात गरिबांसाठी बचत बँक काढली आणि तिच्या नमुन्यावर पुढे देशोदेशी बचत बँका निघाल्या. तर या माणसाने तुकडे हुडकून काढले, जुळवले, आणि १८२३ साली आख्खा क्रूस मॅन्सच्या बागेत उभा केला! आडवा दांडा सापडेना तर गावातल्या गवंड्याकडून नवा घडवून घेतला, त्यावरच्या आकृत्या चक्क नव्या कल्पनेच्या, जाणकार आजही त्यावरून नाकं मुरडतात. १८८७ पर्यंत, म्हणजे साठ-पासष्ट वर्षं, तो जगप्रसिद्ध क्रूस बागेत पावसात उभा होता. मग चर्चला खास एक अर्धगोल भाग जोडून, जमीन खाली खणून त्यात बसवला, कारण चर्चच्या छपरात मावेना. मी गेलो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं, कठड्याला रेलून वर बघत बसलो.

डंकननेही १८४३ साली ही बाग, हे घर सोडलं. स्वतः उभा केलेला क्रूस मागे ठेवून.

गिरगावचा_गडी:

१८४३ म्हणजे डिसरप्शन. इथे मुंबईचा संबंध येतो म्हणून लिहितो. १८ मे १८४३ ला एडिनबरात जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये असेंब्ली भरली होती, तिथून पाद्री उठून रांगेने निघाले ते थेट टॅनफील्ड हॉलला गेले आणि नवं फ्री चर्च स्थापन केलं. मुद्दा तोच, वर आलाय तो, पाद्री कोण हे जमीनदाराने ठरवायचं की गावाने. जवळपास १२०० पैकी ४७४ पाद्र्यांनी राजीनाम्यावर सह्या केल्या. म्हणजे पगार, ग्लीब, मॅन्स सगळ्यावर पाणी.

आणि मुंबईत जॉन विल्सन (विल्सन कॉलेजवाले, मूळचे लॉडर गावचे), रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल, हे सगळे फ्री चर्चच्या बाजूने गेले. यांच्या मिशनच्या शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली, यांनी पोरं घेऊन दुसरीकडे बस्तान हलवलं. नागपूरला स्टीफन हिस्लॉप आले ते नंतर, फ्री चर्चचेच म्हणून. म्हणजे चौपाटीवरच्या आपल्या कॉलेजची आणि नागपूरच्या हिस्लॉपची वंशावळ या मॅन्स सोडून गेलेल्यांकडे जाते.

लीथकाठचा:

क्या बात! हा दुवा मला जोडताच आला नव्हता, धन्यवाद.

त्याच घराच्या बाजूने पुढे सांगतो. ४७४ कुटुंबं रस्त्यावर. कुणी खेड्यातल्या एका खोलीत, कुणी बायकोपोरांना तीस मैलांवर नातेवाइकांकडे ठेवून स्वतः कोठारात. जॉर्ज हार्वी या चित्रकाराने मॅन्स सोडून निघालेल्या कुटुंबाचं चित्रच काढलं. मग थॉमस गथ्री नावाचा पाद्री, प्रचंड वक्ता, १८४५ मध्ये मॅन्स फंडासाठी देशभर फिरला आणि वर्षाच्या आत एक लाख सोळा हजार पौंडांची आश्वासनं गोळा केली. त्या काळचे!

पण पैसे असून जागा कोण देणार, जमीन तर त्याच जमीनदारांची. एग बेटावर जागाच दिली नाही तर तिथला पाद्री जॉन स्वॉन्सन 'बेट्सी' नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीत राहू लागला, लोक तिला तरंगती मॅन्स म्हणायचे. भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर त्याचा बालमित्र, त्याने त्या बोटीवर राहून बेटांवरचे जीवाश्म गोळा केले. आणि स्ट्रॉन्शनला लोकांनी लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेऊन लॉखमध्ये, म्हणजे तिथल्या खाडीत, नांगरलं. जमीन देत नाही ना, मग पाण्यात!

आर्किटेक्चरवर याचा परिणाम असा की १८४३ नंतर बऱ्याच गावांत दोन चर्च आणि दोन मॅन्स. जुनी जॉर्जियन, शांत, चौकोनी. फ्री चर्चची व्हिक्टोरियन, बे विंडो, टोकदार छज्जे, लाकडी झालरी. पैसे वर्गणीचे, जमीनदाराशी घासाघीस नाही, त्यामुळे थोडी हौस दिसते. मला स्वतःला जुनीच आवडते, झालरी डोळ्यांत खुपतात.

सडेतोड:

पाद्र्यांचं फारच कौतुक चाललंय. हायलंड्समध्ये (उत्तरेकडच्या डोंगराळ भागात) जमीनदारांनी गावंच्या गावं उठवून मेंढ्या आणल्या तेव्हा हेच पाद्री 'ही देवाची इच्छा' म्हणून सांगत होते. सरकारी पैशाने यांना घरं आणि लोकांची घरं पेटवलेली.

लीथकाठचा:

@सडेतोड, मुद्दा योग्य आहे, टाळणार नव्हतो. बऱ्याच पाद्र्यांनी जमीनदाराचीच तळी उचलली, वर सांगितलेला सौदा बघता नवल नाही.

सरकारी पैशाचंही खरं. १८२३ आणि २४ च्या कायद्यांनी सरकारने ५०,००० पौंड दिले आणि थॉमस टेलफर्डच्या (मेनाई ब्रिजवाला इंजिनियर) देखरेखीखाली हायलंड्स आणि बेटांवर ३२ चर्च आणि ४१ मॅन्स बांधल्या. एका जागी चर्च आणि मॅन्स मिळून १५०० पौंडांच्या वर जायचं नाही. नकाशे ठरलेले, मॅन्सचे दोन नमुने, एकमजली आणि दुमजली, तेच सगळीकडे. बोटीने सामान नेऊन कुठल्या कुठल्या टोकाला बांधलंय ते बघून थक्क व्हायला होतं.

यातलंच एक चर्च क्रोइकचं. १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकॅल्व्हीतून हाकललेली ऐंशीच्या आसपास माणसं त्या चर्चच्या आवारात, कबरींमध्ये, ताडपत्र्या-घोंगड्या लावून राहिली. आत गेली नाहीत. खिडकीच्या काचेवर बाहेरून खरडून ठेवलंय, ग्लेनकॅल्व्हीचे लोक इथे होते, आणि स्वतःलाच दुष्ट पिढी म्हटलंय. काच अजून आहे, वाचता येतं. पण त्यांच्या बाजूने उभा राहिलेला गस्टेव्हस एर्ड हाही पाद्रीच, १८४३ ला फ्री चर्चमध्ये गेलेला. तेव्हा सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

सडेतोड:

मान्य. काचेचं वाचून गप्प झालो.

कमला_नेहरू_पार्क:

कॉलिंटनच्या मॅन्सबद्दल काहीच कसं नाही? आयडी लीथकाठचा आणि लीथच्याच काठची मॅन्स विसरलात!

लीथकाठचा:

राखून ठेवली होती हो! कॉलिंटन एडिनबरातच, वॉटर ऑफ लीथ नदीच्या वळणावर, मॅन्स १७८३ ची. 'ट्रेझर आयलंड'वाल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे आजोबा ल्युईस बाल्फोर १८२३ पासून १८६० मध्ये मरेपर्यंत तिथले पाद्री. स्टीव्हन्सन लहानपणी सतत तिथे. पुढे मोठेपणी त्याने त्या घराबागेवर एक लेख लिहिला आहे, त्यावरून बाग डोळ्यांपुढे उभी राहते. नदीच्या खोलगट भागात बाग, बीचच्या मोठ्या कुंपणाने तिचे भाग पाडलेले, आणि चर्चची दफनभूमी बागेपेक्षा वरच्या पातळीवर, म्हणजे बागेत खेळताना मान वर केली की भिंतीच्या वर थडगी. रात्री तिथे भुतांचे दिवे नाचतात अशी पोरांची खात्री. मोठं यूचं झाड, त्याच्याखाली गडद सावली. सगळीकडे पाण्याचा आवाज आणि कागदाच्या गिरण्यांचा वास.

आणि स्टडी! अंधारी, गार, आजोबा तिथे प्रवचनं आणि परदेशी गेलेल्या मुलांना पत्रं लिहीत बसायचे. बाल्फोरांची मुलं हिंदुस्थानात होती, त्यामुळे स्टडीच्या भिंतींवर भडक रंगांची हिंदुस्थानी चित्रं. नातवाचा त्यांच्यावर डोळा. एकदा त्याला आजोबांसमोर स्तोत्र म्हणायला आत पाठवलं, पोरगं भीतीने लटपटतंय पण मनात आशा की नीट म्हटलं तर एक चित्र मिळेल. म्हटलं. आजोबांनी उचलून घेतलं, पापा घेतला, आणि चित्र काही दिलं नाही!

भटकभवानी:

अरेरे, बिचारा! दिलं असतं एक तर काय बिघडलं असतं.

मातीतली_मेघा:

यू अजून आहे का?

लीथकाठचा:

आहे, भलं थोरलं. नदीकाठच्या पायवाटेने चर्चपर्यंत जाता येतं, तिथे छोट्या स्टीव्हन्सनचा कुत्र्यासकट पुतळा २०१३ मध्ये बसवलाय. आवारात प्रेतं चोरणाऱ्यांपासून कबर वाचवायचा लोखंडी सापळाही ठेवलाय. मॅन्समध्ये घुसू नका मात्र, लोकांचं घर आहे.

ग्लासगोकर_सध्यातरी:

ग्लासगोत याल तर कॅथेड्रलसमोरचं प्रोव्हान्ड्स लॉर्डशिप बघाच. १४७१ चं, बिशप अँड्र्यू मुरहेडने बांधलेल्या इस्पितळाचा भाग, नंतर कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचं घर. म्हणजे रिफॉर्मेशनच्या आधीचं, पोराबाळांचं लटांबर नसलेल्या माणसाचं, एकाशेजारी एक खोल्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती. मागची औषधी वनस्पतींची बाग १९९० च्या दशकातली, जुनी नाही, पण भिंतीवर ओळीने लावलेले अठराव्या शतकातले दगडी मुखवटे भारी आहेत, एकेक तोंड वेंगाडतंय. प्रवेश फुकट.

शंकासूर:

शेवटची शंका. ही सगळी घरं विकली का गेली?

लीथकाठचा:

१९२५ च्या कायद्याने जमीनदारांची जबाबदारी संपली, इमारती चर्चच्या ट्रस्टींकडे गेल्या. फुटलेली मोठी चर्च १९२९ मध्ये पुन्हा एक झाली, म्हणजे गावागावात एक मॅन्स जास्तीची. आठ-दहा खोल्यांचं गारठलेलं घर तापवायला नवा पाद्री तयार नाही, त्याला बंगला हवा. आता तर चर्चला येणारेच कमी झालेत, विक्री चालूच आहे.

ॲबर्डीनची_मावशी:

आम्ही उन्हाळ्यात आयोनाला जातोय, तिकडे आहे का एखादी, आत जाऊन बघता येईल अशी?

लीथकाठचा:

मावशी, आहे! आयोनाची मॅन्स टेलफर्डचीच, १८२८ ची, आता त्यात हेरिटेज सेंटर आहे आणि बागेत खायची सोय. ओबानहून मल बेटाची फेरी, ते बेट आडवं पार करून फियोनफर्ट, तिथून दहा मिनिटांची दुसरी फेरी. पाहुण्यांच्या गाड्या बेटावर नेऊ देत नाहीत, गाडी अलीकडेच लावा. मलचा रस्ता एकेरी आहे, मेंढ्या मधोमध बसतात, फेरी चुकू नये म्हणून तासभर जास्तीचा धरा. आणि काकांची टोपी घ्या.